जुन्या कॅमेऱ्यातला ओके पीस

नवा कॅमेरा मीच मागितला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाच्या डोक्यावर खापर फोडायची मला सोय राहणार नाही.

चाकणच्या आमच्या कारखान्यात मोबाइल आत न्यायला बंदी आहे. वॉचमन तो गेटवरच ठेवून घेतो आणि हातात बिल्ला देतो. मालाचे फोटो काढायला क्वालिटी खात्याकडे एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे, आणि तो माझ्या ताब्यात असतो. आम्ही दुचाकीवर मागे बसणाऱ्याने धरायची हँडलं बनवतो. फिरत्या कापडी चाकावर घासून ती चकचकीत केली, म्हणजे बफिंग झालं, की प्रत्येक लॉटमधल्या एका हँडलचा फोटो माल घेणाऱ्या कंपनीला पाठवायचा. तिथला माणूस तो ‘ओके पीस’च्या फोटोशेजारी ठेवून बघतो. ओके पीस म्हणजे दोन्हीकडच्या साहेबांनी सही करून मान्य केलेलं नमुन्याचं हँडल. त्याच्या फोटोशी जुळलं तर लॉट पास, नाहीतर परत.

जुना कॅमेरा आठ वर्षं वापरलेला. लेन्स बाहेर यायची नाही, तळहातावर दोनदा आपटला की कुरकुरत यायची. आकुर्डीहून कंपनीच्या बसने ट्रॅफिकमध्ये पेंगत यायचं आणि आल्या आल्या त्या डबड्याची मनधरणी करायची, याचा मला वीट आला होता. तीन महिने साहेबांच्या मागे लागले. शेवटी त्याच कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं. जुना दुकानदाराने बदल्यात घेतला. मी तो नीट पुसलासुद्धा नाही, पिशवीत टाकून मोकळी झाले.

नव्याचे नऊ दिवससुद्धा मिळाले नाहीत. पहिल्याच आठवड्यात तीन लॉट परत आले. शेरा एकच, हँडलवर बारीक रेघा. मी फोटो मोठा करून बघितला. रेघा होत्या.

बफिंगवर मामा होते. खेडकडच्या गावातून येणारे, बावीस वर्षं त्याच चाकासमोर उभे राहिलेले. हँडल चाकाला टेकलं की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठे दाब कमी पडतोय ते. साहेब म्हणाले, “वय झालं त्यांचं.” मी मान डोलावली. का डोलावली, ते आजही मला नीट सांगता येत नाही. थकलेल्या माणसाला जे पटकन पटतं, ते मला पटलं.

“ताई, मागच्या म्हैन्यापर्यंत बरं हुतं की,” मामा म्हणाले. “हाताला काय झालं माज्या?”

“डोळे तपासून घ्या एकदा,” मी म्हटलं. केवढी शहाणी मी.

त्यांनी खरंच डोळे तपासून घेतले, चष्मा केला. जेवणाची सुट्टी निम्मी सोडून तीच हँडलं पुन्हा घासू लागले. जास्त दाब द्यायचे, हँडल तापायचं, काम आणखी बिघडायचं. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि “मला पॅकिंगला बसवा” म्हणाले. साहेबांचा सुंठीवाचून खोकला गेला.

त्यांच्या जागी दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला. त्याचेही लॉट परत आले, त्याच रेघा. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. कपाट उघडलं, फडक्यात गुंडाळलेला खरा ओके पीस काढला आणि नव्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घेतला. त्याच्यावरही रेघा होत्या. पहिल्यापासूनच असणार. जुन्या कॅमेऱ्याला त्या कधी दिसल्याच नव्हत्या, आणि ओके पीसचा फोटो त्या जुन्यानेच काढलेला. मी जवळजवळ महिनाभर नव्या डोळ्याने काढलेलं जुन्या डोळ्याशी जुळवायला पाठवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी देणाऱ्यांत मी होते.

ओके पीसचा नवा फोटो पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं, मान्य आहे. अडकलेले लॉट दुपारपर्यंत पास झाले.

मी पॅकिंगला गेले. मामा स्टुलावर बसून हँडलं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालत होते.

“मामा, तुमच्या हाताची चूक नव्हती,” मी म्हटलं. “कॅमेरा बदलला, म्हणून तसं दिसत होतं. मला आधी कळायला हवं होतं.”

“व्हय?” ते म्हणाले आणि पिशवीला टेप लावली.

“परत या ना बफिंगला. मी बोलते साहेबांशी.”

“न्हाई ताई. आता चाकाम्होरं हुबं ऱ्हायलो की हात भितो.”

मला लाज वाटली. तिथून सरळ निघून जावं असं वाटलं, पण काम होतंच. पॅकिंगच्या बोर्डावर तिथल्या प्रत्येक माणसाचा फोटो लागतो आणि मामांचा अजून लागला नव्हता. त्यांना भिंतीशी उभं केलं, फोटो काढला आणि दाखवला. त्यांनी खिशातून नवा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ बघितलं. कपाळ, डोळ्यांच्या कडा, गाल, काहीच सुटलं नव्हतं.

“लई रेघा दिसत्यात,” ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. “जुना हाय का? त्याच्यानं काढा.”

“दिला तो, मामा.”

“मग लावा ह्योच,” ते म्हणाले आणि पुढची पिशवी उचलली.