फी माफ असेल तोवर

जुनी फडकी साठतात तसे हे किस्से माझ्याकडे साठले. फडक्याने निदान ओटा पुसता येतो. किश्शाने काही पुसलं जात नाही. तरी कुणी चहाला बसलं की मी एक काढते, त्याच्यामागून दुसरा आपोआप निघतो, आणि शेवटी ऐकणारा म्हणतो, "अक्का, हसावं की काय करावं?" मी सांगते, ते तुझं तू बघ. मी फक्त सांगते.

धुळ्याला देवपुरात माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी कॉलेजच्या मुली ठेवायची. राहणं, दोन वेळचं जेवण आणि माझी शिस्त. माझी स्वतःची शाळा दुसरीतच सुटली. सुटली कसली, सोडवली. पुढचं वाचायला मी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर शिकले. माझ्या मुलींची नावं तिथे लागायची आणि मला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नव्हती. त्यामुळे मला कविता-बिविता वाचता येत नाही, पण 'नामंजूर' हा शब्द मी रस्त्याच्या पलीकडून ओळखते.

त्या वेळी ईबीसी म्हणून सवलत होती. बापाचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या आत असलं की पोराची फी माफ. आकडा सरकारचा, दाखला तलाठ्याचा, सही तहसीलदाराची. आणि हे सगळं तपासायला कॉलेजच्या खिडकीत नाना. नाना म्हणजे तिथला क्लार्क. केसाला तेल, तोंडात सुपारी आणि एकच वाक्य, "रडू नका, कागद आणा." वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडून जिंकता आलं असतं.

माझ्याकडे शिरपूरकडची कोकिळा होती. बीएस्सीला. तिचा बाप धुडकू आबा तिची ट्रंक माझ्या ओसरीवर ठेवताना म्हणाला होता, "अक्का, फी माफ शे तवलग शिकू द्या. ज्या दिवशी कॉलेज पैसा मांगी, त्या दिवशी आंडेर घर." आंडेर म्हणजे लेक. दोन्ही पोरांच्या फिया हाच बाप बिनबोभाट भरत होता, हे मी त्याला तिथेच ऐकवलं. तो म्हणाला, "त्या पोरं शेतस."

कोकिळेला तीन वर्षं काढायची होती. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

*

पहिल्याच वर्षी, दाखला यायच्या आधी फॉर्म भरायला, आबा स्वतः खिडकीशी आला. नानाने मान वर न करता विचारलं, "उत्पन्न किती?"

आता आमच्या खान्देशात शेतकऱ्याला उत्पन्न विचारलं की तो पैसा सांगत नाही, पीक सांगतो. आणि मागे चार माणसं उभी असताना पीक कुणी कमी सांगत नाही. आबाने मिशीवरून हात फिरवला.

"कापूस. बठ्ठा धरीसन पन्नास क्विंटल."

रांगेतला एक जण म्हणाला, "आबा, गेल्या साली तर बोंडअळी होती."

"तुना वावरमा व्हती," आबा म्हणाला.

नानाने पन्नासला कापसाच्या भावाने गुणलं आणि शाईने आकडा घातला. मग मान वर केली. "आबा, तुम्ही माझ्यापेक्षा श्रीमंत निघालात."

आबाची छाती फुगली. "मंग? चहा लेतस का?"

कोकिळा माझ्याकडे बघत होती. मी आबाला पिंपळाखाली ओढून नेलं आणि खरं किती ते विचारलं. तो आधी म्हणाला, "लोकंसना समोर इचारू नका." मग हळूच अठरा म्हणाला. अठरासुद्धा असं म्हणाला, जसं काही चोरी कबूल करतोय.

नानाने ब्लेडने शाई खरवडली. वर्ष वाचलं.

*

साक्रीकडचा एक जण पोरासाठी आला होता. कोरडवाहू जमीन, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद. विहीर म्हणजे बागायत, बागायत म्हणजे एकरी दर वेगळा, आणि दर वेगळा म्हणजे माणूस गरीब राहत नाही.

"नाना, तिला पाणी नाही हो."

"पण विहीर आहे ना?"

"आहे. पण तीत उडी मारली तर माणूस बुडत नाही, नुसता पाय मोडतो."

नानाने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि अगदी मनापासून सांगितलं, "पाय मोडला तर त्याची सवलत वेगळी आहे. तिचा फॉर्म पलीकडच्या टेबलावर."

तो माणूस पलीकडच्या टेबलाकडे बघत राहिला. मला वाटतं, क्षणभर त्याने विचार केला.

*

जळगावला मेहरूणमध्ये माझी धाकटी बहीण अशीच मुलं ठेवायची. तिच्याकडे रावेरकडचा एक मुलगा होता. घरची केळी. मृगाच्या तोंडाशी वादळ आलं आणि घड लागलेली सगळी बाग आडवी झाली. बाप मुलाला घेऊन तिथल्या कॉलेजात गेला. दाखल्यात मागच्या वर्षाचं उत्पन्न, आणि मागचं वर्ष नेमकं भरल्या घडांचं.

"साहेब, केळी झोपली. येऊन बघा."

तिथला क्लार्क आमच्या नानाचाच भाऊ शोभावा असा. म्हणाला, "दिसतंय. पण हिशेब मागच्या वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी या, तेव्हा हे वर्ष मागचं होईल."

"आणि फी?"

"फी चालू वर्षाची. गरिबी मागच्या वर्षाची."

पुढच्या वर्षी दाखला अगदी नियमात बसला. मुलगा तोवर रावेरला केळीचे ट्रक भरत होता. बहिणीने तो दाखला बरेच दिवस फळीवर ठेवला होता. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "एवढा बरोबर कागद टाकवत नाही गं."

*

आता चुलीचा ऐका.

एका मुलीचा बाप आणि काका एकत्र. काका एसटीत कंडक्टर. नाना म्हणाला, एकत्र कुटुंब असेल तर दोघांचं मिळून उत्पन्न धरणार. वेगळे असाल तर तसं दाखवा. वेगळं म्हणजे काय? तर चूल वेगळी.

आजी म्हातारी खरी, पण खोटं लिहून द्यायला तयार होईना. "खोटं कशाला? मांडू ना दुसरी चूल," म्हणाली. तिने स्वतः माती तुडवली, ओसरीच्या टोकाला दुसरी चूल घातली. तलाठ्याच्या वरचे सर्कलसाहेब बघायला आले तेव्हा एका चुलीवर धाकट्या सुनेची कढी आणि दुसरीवर थोरलीची वांग्याची भाजी. साहेबांनी दोन्ही चाखल्या आणि पंचनामा केला.

सवलत मिळाली. साहेब गेल्यावर आजी म्हणाली, आता मोडा ती. धाकटी म्हणाली, "राहू द्या ना, आत्या." थोरली म्हणाली, "राहू द्याच." महिनाभरात भांडी वाटली. दिवाळीत म्हैस वाटायचा प्रश्न आला. वर्ष संपेतो मधे कूड उभा राहिला.

मुलगी मला सांगायची, "अक्का, मी घरी गेले की आजी विचारते, तू पास झालीस की ही चूल मोडतील ना गं?"

ती पास झाली. पण कूड कुणी काढला नाही.

*

ज्यांना सरकारची सवलत मिळत नसे, त्यांच्यासाठी कॉलेजचा स्वतःचा गरीब विद्यार्थी निधी होता. त्यासाठी प्राध्यापकांची कमिटी मुलाखत घ्यायची, आणि ते काय तपासणार? कपडे बघायचे. बाहेर होस्टेलच्या मुलांमध्ये एकच शर्ट फिरत होता, खांद्यावर उसवलेला. आत जायचं तो घालून, बाहेर येऊन दुसऱ्याला द्यायचा. शेवटी एक सर म्हणाले, "बाळ, तू नवीन दिसतोस, पण हा शर्ट मघाशी येऊन गेला."

सगळे हसले. पैसेही दिले बरं का त्याला, गंमत म्हणून.

त्याच्या मागून माझ्याकडची एक मुलगी आत गेली. पाडळद्याची. साहेबांसमोर जायचं म्हणून तिच्या आईने शेजारणीची जरीकाठाची साडी मागून पाठवली होती, आणि सोबत निरोप, "माझी लेक कुणाला भिकारीण वाटता कामा नये."

नाही वाटली.

*

हा छोटा आहे. एक बाई दुसऱ्याच्या वावरात निंदणी-वेचणी करणारी, नवरा नाही, जमीन नाही. पोराच्या फीसाठी दाखला मागायला गेली, तर तलाठ्याने परत पाठवली. "तुझ्या नावावर शेत नाही, मी कशाचं उत्पन्न लिहू?" तशीच खिडकीशी आली. नाना म्हणाला, "दाखला नसेल तर उत्पन्न मर्यादेच्या वर आहे असं धरावं लागतं."

मी नानाला नको नको ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. ती बाई मात्र चिडली नाही. तिने नीट विचारलं, "मग ते वरचं मला कोण देईल? तलाठी की तुम्ही?"

नानाने खिडकी लावून घेतली. जेवणाची सुटी झाली नव्हती.

*

कोकिळेची दोन वर्षं निघाली. केमिस्ट्रीत चांगले मार्क. हाताला ॲसिडचा वास घेऊन माझ्या पोळ्या लाटायला बसायची, मी हाकलायची. शेवटचं वर्ष राहिलं. जुलैत गावाहून दाखला आला, आणि नानाने तो वाचून माझ्यापुढे सरकवला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर.

"चुकलंय," मी म्हटलं. "खरवडा."

"अक्का, याच्यावर तहसीलदाराचा शिक्का आहे. मी माझी शाई खरवडतो, सरकारची नाही."

मी कोकिळेला घेऊन तडक शिरपूरची बस धरली, तिथून पुढे गावात. आबा खळ्यात बसला होता. मी दाखला त्याच्या मांडीवर टाकला. चूक नव्हती. त्यानेच तसं सांगितलं होतं. गावात नवा तलाठी आला होता, आणि कोकिळेला स्थळ आलं होतं ते त्या तलाठ्याच्या सख्ख्या भाच्याचं.

"अक्का, आंडेर देनी शे," आबा म्हणाला. "नवरदेवना मामाले मी गरीब शे म्हनीसन कसं सांगू?"

"बरं. मग श्रीमंत आहेस ना? फी भर."

"फी भराले पैसा कोठे शे?"

बाप खोटं बोलत असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्याचं दोन्ही खरं होतं. मी एकटीच बसने परत आले. कोकिळेची ट्रंक माझ्याकडेच राहिली, आत पुस्तकं.

दिवाळी उलटल्यावर बैठकीचं बोलावणं आलं. पोरगी माझ्या शिस्तीत राहिली हे पाहुण्यांना कळावं म्हणून आबाला मी तिथे हवी होते. मी गेले ते वेगळ्याच हिशेबाने. बोलणं फिसकटलं, तर पोरीला परत घेऊन यायचं, फीचं मी बघते, असं ठरवून गेले होते.

ओसरीवर सतरंजी. एका बाजूला नवरदेव, त्याचा बाप आणि मामा म्हणजे तो तलाठी. दुसऱ्या बाजूला आबा आणि भाऊबंद. कोकिळेला चहा घेऊन बाहेर आणली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिने "बीएस्सी दुसरं वर्ष" सांगितलं आणि तिथेच भिंतीशी उभी राहिली. मग तिला घेऊन आलेल्या बायका आत गेल्या. मी गेले नाही. मला कोण उठवणार?

देण्याघेण्याची गोष्ट निघाली. नवरदेवाच्या बापाने आकडा सांगितला. आबाचा चहा बशीतच राहिला.

"इतलं मले जमणार नही, भाऊ."

"का बरं?" तलाठी म्हणाला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या दाखल्याची नक्कल. "तुमचं उत्पन्न बघूनच ठरवलंय. कुणावर उगाच ओझं टाकायची आमच्यात पद्धत नाही."

आबा कागदाकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो बघत होता.

"आप्पा," तो तलाठ्याला म्हणाला, आणि चार भाऊबंद ऐकत असताना म्हणाला, "ते खरं नही शे. तुम्ही इचारं, मी वाढाईसन सांगं. मना घर इतलं काही नही शे."

माझ्या ओळखीच्या सगळ्या वर्षांत आबाने माणसांसमोर आपलं कमी सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तलाठी हसला. रागावला नाही. "अहो, सरकारी कागद आहे. मी लिहिला, तहसीलदाराने सही केली. आणि तुम्ही म्हणता खोटा." मग तो भिंतीकडे वळला. "कोकिळा, तू शिकलेली आहेस बेटा. तूच सांग. दाखला खरा की तुझा बाप?"

कोकिळेने बापाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

"कॉलेजनं दाखला खरा धरला," ती म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करून आत गेली.