कुरतडलेल्या पानांचे कपडे

चंद्रपूर-गडचिरोली एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. विशीतली असेल. मांडीवरच्या जाड वहीत ऐनाच्या झाडाची वाळलेली पानं चिकटवलेली होती आणि एकूण एक पान किड्यांनी खाल्लेलं. प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवून ती तोच आकार कागदावर उतरवत होती. मला राहवेना. विचारलं, तर म्हणाली, "फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाले हाओ. आपल्या सोताच्या ओळखीवर सहा कपडे बनवाचे हायेत."

पुढे जंगलात गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. रस्त्याकडेच्या ऐनाचं एक अख्खं, तुकतुकीत पान तोडून मी मोठ्या कौतुकानं तिला दिलं. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि अलगद माझ्या हातात परत ठेवलं.

"का, चांगलं नाही?"

"चांगलं हाय ना भाऊ. पण माहे बाबा ऐनावर रेशमाचे किडे पोसतात. ज्या साली पानं अशी अख्खी राह्यली, त्या साली सारे किडे मेले होते. असं पान दिसलं का माही माय आताबी गप होते."

गाडी पुन्हा निघाली. उरलेल्या वाटेत मी खिडकीतून ऐनाची झाडं न्याहाळत होतो, कुठे एखादं भोक दिसतंय का म्हणून.