दोन खिळ्यांची जागा

सदाच्या घरून सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी रोह्याजवळ वरसे गावातल्या माझ्या घरी भाजी निवडत होतो. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, सदाला हा मथळा आवडला असता... एका कॉलमात आरामात बसणारा. त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर असली खोड लागतेच, त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या दशकात सदा पेणहून साप्ताहिक काढायचा. मी रोह्यात शाळामास्तर, तिकडच्या बातम्या त्याला पाठवायचो. मी पानभर लिहायचो, तो चार ओळी ठेवायचा आणि वर मलाच विचारायचा, तुला एवढं सुचतं कसं? मथळा मात्र जीव लावून लिहायचा. छापखान्यात अजून शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवायचे. मथळ्याचा मोठा खिळा काही चेपून लहान करता येत नाही. ओळ मावली नाही की शब्दच बदलायचा. सदा टेबलावर बोटं आपटत अक्षरं मोजायचा. लग्नाच्या पंगतीत कुणी आपलं दुखणं सांगत असलं तरी त्याची बोटं चाललेली असायची. मला त्याचा फार राग यायचा.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर पेणजवळच्या जोहे गावात एका कारखान्यात शेतातलं पाणी शिरलं. गणपती घडवायच्या जागेला आमच्याकडे कारखानाच म्हणतात. शाडूच्या कच्च्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. पहिल्या पानावर जाहिरात आडवी पसरलेली, बातमीला एकच कॉलम उरला. सदाने मथळा दिला, 'जोह्याचे गणपती पाण्यात गेले'. बसला अगदी नेमका. खाली बातमीत नुकसान एकाच कारखान्याचं झालं, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

अंक रोह्यात पोचला आणि यशोदाबाई पेणला आल्या. त्यांचा कारखाना जोह्याच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तींचे डोळे त्या स्वतः रंगवायच्या. मी तेव्हा सदाजवळच बसलो होतो. त्यांनी आवाज चढवला नाही.

"खाली समदं खरं लिवलंय, दादा. पन रोह्याचं गिराईक वरचंच वाचून दुसरीकडं गेलं. माजे गणपती सुके हायत. आता मी कोनाकोनाला सांगू?"

सदाने बोटं टेबलावर ठेवली, पण हलवली नाहीत. म्हणाला, "तुम्ही नाही, मी सांगतो."

पुढचा अंक निघेपर्यंत घरोघरी गणपती बसले असते, त्यामुळे छापून उपयोग नव्हता. आम्ही एसटीने रोह्याला आलो. तो दुकान दुकान फिरला. पेपर माझा, मथळा माझा, चूक माझी, असं प्रत्येकाला सांगत सुटला. काही व्यापारी जोह्याला गेले, काहींनी दुसरीकडे ठरवून टाकलं होतं. यशोदाबाईंच्या बऱ्याच मूर्ती त्या वर्षी फळीवरच राहिल्या. सदाने घरचा गणपती त्यांच्याकडून आणला, पुढेही दरवर्षी आणत राहिला. तेवढ्याने काही भरून निघत नाही, हे त्यालाही कळत होतं.

मला निरोप देताना, रोह्याच्या स्टँडवर त्याची बोटं पुन्हा चालू झाली. "'जोह्यात एक कारखाना पाण्यात'... हे बसलं असतं रे," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने छापखान्यातून 'ए' आणि 'क' असे दोन मोठे खिळे आणले, सुतळीने बांधले आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवले. पुढे कॉम्प्युटर आला, बाकीचे खिळे भंगारात गेले. हे दोन राहिले.

परवा वहिनींना भेटायला गेलो तर यशोदाबाई जोह्याहून आलेल्या. आता थकल्यात. सदाच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी ते खिळे उचलले, फिरवून पाहिले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यांना लागेना. हे काय हाय, त्यांनी विचारलं. तुमच्या बातमीच्या मथळ्यात राहून गेलेला 'एक', वहिनी म्हणाल्या.

यशोदाबाईंनी खिळे तळहातावर धरले.

"येवढीच जागा लागत व्हती?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, एवढीच.

यशोदाबाईंनी पदराने खिळे पुसले आणि होते तिथे, सदाच्या कागदांवर, परत ठेवले.