बेज्जूरची तेरा अंडी

जयवंताबाईच्या तोंडाला तिचं गाव वचकून असतं. तेलंगणातल्या बोथपासून तीन कोसांवरचं खेडं, गावाच्या टोकाला तिचं घर. बाई साठी ओलांडलेली, काटक, उभा जन्म दुसऱ्याच्या रानात राबलेली. वेचलेल्या कापसाच्या वजनात मारणाऱ्या मालकाला तिने भर रस्त्यात असं फैलावर घेतलं होतं की तो पुढे दोन महिने त्या रस्त्याने फिरकला नाही. पण जयवंताबाई उगाच चिडली असं कुणी म्हणत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र तिने पहिल्यांदा चुकीच्या माणसावर तोंड सोडलं, आणि ते ज्याच्यामुळे घडलं तो तिच्या पोटचा पोरगा होता.

तिच्या कोंबड्या आईकडून आलेल्या. कवड्या रंगाच्या, आखूड पायांच्या, मांजरालाही न भिणाऱ्या. पावसाळ्यात गावावर मानमोडीचा रोग आला आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. एकटी कवडी उरली. कोंबडा एकही नाही. कोंबड्याविना कोंबडी अंडी घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे कवडी गेली की आईच्या कोंबड्यांचा वंश बुडाला.

तो वंश आता आणखी एकाच घरी होता. विठाबाईच्या. दोघी लहानपणी एका ओळीत कापूस वेचायच्या, एका भाकरीचे दोन तुकडे करायच्या. विठा लग्न होऊन पार बेज्जूरकडे, जंगलातल्या वाडीवर गेली, तेव्हा जयवंताने तिच्या टोपलीत याच जातीच्या दोन तलंगा, तरण्या कोंबड्या, घातल्या होत्या. आज विठाच्या अंगणात त्यांचीच पिलावळ फिरते.

थंडी पडली आणि कवडी उबवणीला खुडूक बसली. पिसं फुलवून रिकाम्या टोपल्यात ठाण मांडलं, हात नेला की टोचायची. जयवंताबाईला वाटलं, आता सगळं जुळून आलं. पोरगा हर्षदीप बेज्जूरच्याच मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, कारकून. दर शनिवारी घरी यायचा. तिने विठाला फोन केला, विठाने तेरा अंडी तांदळाच्या डब्यात रोवून ठेवली. हर्षदीपने एवढंच करायचं होतं, की वाडीवर जाऊन डबा घ्यायचा आणि मांडीवर धरून आणायचा.

शनिवारी त्याने अंडी आणली. तांबूस, एकसारखी, कागदात गुंडाळलेली.

"सगळे एका मापाचे काऊन रे?" तिने विचारलं.

"मावशीनं निवडून देल्ले, माय."

तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाची अंडी असती तर सातव्या दिवशी उजेडासमोर धरून आत जीव धरलाय का, ते पाहिलं असतं. पण विठाच्या हातची अंडी तपासायची म्हणजे विठालाच तपासण्यासारखं. रविवारी तिने ती तशीच कवडीखाली मांडली. पुढच्या खेपेला हर्षदीप आला तेव्हा विचारलं, "विठीले सांगतलं का, कोंबडी बसली म्हणून?" तो मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाला, "सांगतलं ना."

एकविसावा दिवस आला, गेला. बाविसावा, तेविसावा. थंडीने उशीर होत असेल, असं ती स्वतःची समजूत घालत राहिली. कवडी दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची आणि धावत परत अंड्यांवर. तिच्या छातीचं हाड हाताला लागायला लागलं, तुरा पांढरा पडला. सव्विसाव्या दिवशी, शुक्रवारी, जयवंताबाईने एक अंडं काढून फोडलं. पिल्लू नाही, रक्ताची साधी रेघसुद्धा नाही. नुसता पातळ, वास मारणारा बलक.

बाईचं डोकं फिरलं. विठाच्या वाडीवर फोन लागत नाही, पण ती बाजाराला मंडलाच्या गावी आली की लागतो. तिसऱ्यांदा लागला.

"काय व विठे, तुह्या घरी कोंबडा हाये का कोंबड्याचा फोटो? तेराचे तेरा वांझ! द्याचे नव्हते त नाई म्हणाचं होतं. माही कोंबडी मरून राह्यली त्याच्यावर!"

पलीकडे बाजाराचा गलका होता. मग विठा म्हणाली, "कोणते अंडे व, जयवंते?"

"हर्षदीपसंगं देल्ले ते!"

"तुहा पोरगा आला कुठी? तो शनिवार पाह्यला, मंग दुसरा पाह्यला. मंग म्या ते अंडे माह्याच कोंबडीखाली मांडले. परवा ऐतवारी फुटतीन." तिचा आवाज चिरकला. "फोटो म्हणली तू मले. मले!" आणि तिने फोन ठेवला.

जयवंताबाईने फोन खाली ठेवला. जिच्याशी कधी अर्ध्या शब्दाचं भांडण नाही, तिला आपण भर बाजारात लबाड ठरवलं. मग ती उठली, हात धुतले, आणि ओल्या हाताने कवडीखालचं दुसरं अंडं काढलं. तळहात तांबडा झाला. पदराने अंडं घासलं तसं रंगाखालून पांढरंफटक टरफल निघालं. दुकानातली अंडी, चहाच्या पाण्यात रंगवलेली!

शनिवारी हर्षदीप उंबरा ओलांडून आत आला, तो तिने अर्धं घासलेलं अंडं त्याच्यासमोर धरलं.

"हे बेज्जूरचं हाये?"

त्याने नजर चुकवली. "माय, मावशीची वाडी आठ किलोमीटर आत हाये. तिकडं गेलो असतो त बस सुटली असती. मंचेरियलला स्टेशनपाशी दुकान हाये, तिथी नाटु म्हणून मागतले. त्यानं मलेच फसवलं."

तेलुगूत गावरानला नाटु म्हणतात. शब्द त्याला बरोबर आठवला. कोंबडा तेवढा नाही आठवला.

"दुकानदारानं तुले फसवलं, तू त्याच्याशी भांड. म्या विठीले जे बोलली ते कोणं भरावं?"

"एवढं काय झालं? अंडं म्हणजे अंडं, माय. म्या तुले मशीनवरचे शंभर पिल्लं आणून देतो."

खोट्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. हा पोरगा खुराड्याशेजारी रांगला, कोंबड्याविना पिल्लू नाही हे पाचव्या वर्षी बोट दाखवून सांगायचा. ऑफिसात चार वर्षं बसून माणूस एवढं विसरतो होय? विसरत नाही. म्हातारीला काय कळतंय, असं त्याला वाटलं. ते वाटणं तिला दिसलं, आणि तिचा संताप एकदम थंड झाला. थंड झालेला तिचा राग जास्त वाईट.

"उद्या पहाटेची बस," ती म्हणाली. "तू, म्या अन कवडी."

टोपल्यात गवत, गवतावर उरलेली अंडी, त्यावर कवडी आणि वरून साडीचा तुकडा. अंडी काढली असती तर वाटेत तिची बैठक मोडली असती. टोपलं हर्षदीपच्या मांडीवर, इस्त्रीच्या पँटवर. तीन बस बदलल्या. कागजनगरला त्याच्या ऑफिसातला एकजण चढला आणि टोपल्याकडे बघत हसला, "क्या ले जा रहे, सर?" हर्षदीपने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मुर्गी है," तो म्हणाला. "अंडे पे बैठी है."

वाडीवर पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. विठाबाई दारातच उभी होती, पण पुढे आली नाही. जयवंताबाई अंगणाच्या मधोमध थांबली.

"विठे, म्या चुकली. तुले इचारलं नाई अन बोलली. पोरगा माहा खोटा निघाला."

"अगुदर पाणी पी," विठा म्हणाली. आवाजात अजून कडवटपणा होता. "अकरा निघाले सकाळी. तुहे सहा घे."

झोपडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलं ठेवलं, वर गोणपाट टाकलं. जयवंताबाई एकेक अंडं काढत गेली आणि विठा त्या जागी एकेक मऊ पिल्लू सरकवत गेली. परकं पिल्लू म्हणून कोंबडी एका टोचीत जीव घेते, ते दोघींनी पाहिलेलं होतं. कवडीने मान खाली घातली. पहिल्या पिल्लाजवळ चोच नेली. मग तिच्या गळ्यातून खोल, बारीक 'क्लुक क्लुक' निघालं. महिनाभरात ती पहिल्यांदा बोलली. तिने पंख सैल केले आणि सहाची सहा पिल्लं आत गेली.

विठाबाईने डोळे पुसले आणि जयवंताच्या पाठीत चांगला दणकून गुद्दा घातला. "फोटो म्हणे!"

जयवंता हसली, आणि हसता हसता रडलीही. हर्षदीपला सुटल्यासारखं झालं. तो पुढे येऊन वाकला.

"झालं ना, माय? घेतले तिनं. तिले काय कळते, कोणाचे हायेत ते."

जयवंताबाईचं हसू मावळलं.

"नाई कळत. पोटाखाली जे आलं त्याच्यावर बसून राह्यते बिचारी. म्याबी तशीच बसली तुह्यावर. पंचवीस वर्सं."

गोणपाटाजवळची ती मेली अंडी उचलून हर्षदीप खड्डा खणायला बाहेर गेला.