डिस्कसची पिल्लं बापाच्या अंगाला लागली

ग्लेनिस ट्रेगेन्झा टूवुम्बा शहरात शाळेची बस चालवायची. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. तिने आरशातून नुसतं बघितलं तरी मागच्या बाकावरची दंगल थांबायची. घरातल्या दोन माशांपुढे मात्र तिची मात्रा चालत नव्हती. सिक्लिड माशांच्या कुळातली, ताटलीसारखी गोल, निळ्या रेघांची ती डिस्कसची जोडी. टाकीतल्या पालथ्या कुंडीवर अंडी घालायची आणि सकाळी कुंडी लख्ख! आपलीच अंडी आपणच मटकावून मोकळी.

या खेपेला अंडी टिकली. फुटलीसुद्धा! कुंडीला चिकटलेल्या इवल्या शेपट्या वळवळायला लागल्या, तसं ग्लेनिसने फर्मान काढलं: बैठकीच्या खोलीत टीव्ही बंद, दार आपटायचं नाही. घाबरले तर मासे पिल्लंही गिळतात.

पंचाईत झाली लिंडसेची. हा तिचा धाकटा भाऊ, घटस्फोटानंतर तिच्याकडेच राहायला आलेला.

"अगं, आज रविवार. रग्बीची मॅच आहे!"

"गॅरेजमध्ये रेडिओ आहे."

"काकडून मरेन तिथे."

"ब्लँकेट घेऊन जा. तू मेलास तर रडेन मी. ही पिल्लं मेली तर तुला जिवंत सोडणार नाही."

लिंडसे पुटपुटत गेला. इकडे दुपारी पिल्लं कुंडीवरून सुटली आणि धुळीच्या कणांसारखी पाण्यात तरंगू लागली. ग्लेनिस काचेला नाक लावून बसली. खरा प्रश्न आता होता. डिस्कसच्या पिल्लांचं पहिलं जेवण म्हणजे आईबापाच्या अंगावरचा चिकट थर. तिथवर पोहोचली तर जगली, नाहीतर उपाशी मेली.

आणि पिल्लं निघाली भलतीकडेच! आई समोरून जातेय, बाप मागून येतोय, पण ही कोपऱ्यात गर्दी करून बसली.

"अरे तिकडे नाही रे! तुमचा बाप इकडे आहे!" ग्लेनिस रडकुंडीला आली.

तेवढ्यात मध्यंतर झालं म्हणून लिंडसे चहाला आत आला, ब्लँकेटसकट. त्याने वाकून पाहिलं.

"त्या काळ्या स्पंजात काय ठेवलंयस? सगळी त्यालाच चिकटलीत."

ग्लेनिसने कपाळावर हात मारला. पिल्लं सगळ्यात काळपट दिसेल त्याच्याकडे धावतात, आणि टाकीत आईबापापेक्षा काळा होता तो फिल्टरचा स्पंज!

"बादली आण! नळी आण! पाणी कमी करू, म्हणजे भटकायला जागाच उरणार नाही."

"आणि पिल्लं नळीत गेली तर?"

"माझा जुना पायमोजा बांध तोंडाला."

"धुतलेला आहे ना?"

"लिंडसे!"

तो पाणी उपसत राहिला. ग्लेनिसने अलगद स्पंज हलवून पिल्लं झटकली आणि तो बाहेर काढला. हवेची नळी तेवढी बुडबुडत ठेवली. बापाने तिच्या बोटावर दोनदा धडक दिली, पण तिने हात हलवला नाही.

पिल्लं गोंधळली, विखुरली. मग एक पिल्लू बापाच्या कुशीला टेकलं. तिथून हलेना. दुसरं आलं, आणखी चार आली, आणि बघता बघता सगळा थवा त्याच्यावर तुटून पडला. बापाच्या अंगावर जणू लव उगवली! मादी शेजारी येऊन उभी राहिली. बापाने एकच झटका दिला नि सगळी पोरं उडून आईच्या अंगावर!

"अगं, पास दिला! पास दिला त्याने!" लिंडसे ओरडला. ग्लेनिसने त्याचं तोंड दाबलं, आणि स्वतःच हसत सुटली.

थोडी पिल्लं पुढच्या आठवड्यात दगावली, पण बहुतेक तगली. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पोराला ग्लेनिस स्वतःहून सांगत होती, "खाताहेत रे, खाताहेत!" आणि कोण, काय खातंय, हे कळायच्या आत गिअर टाकत होती.