वीस बायांची ओळ

जुन्या वहीतून आज छिद्रं पाडलेलं एक कार्ड खाली पडलं. कडेला हिरवट-काळा अंगठा उमटलेला. मायचा.

सत्तरच्या दशकात धातूंमधल्या इलेक्ट्रॉनचं गणित आम्ही अशा कार्डांवरून संगणकाला घालायचो. एका पदार्थातून वीज मुळीच वाहत नव्हती आणि माझं गणित मात्र ती वाहते म्हणून हटून बसलं होतं. वैतागून मी कार्डांसकट मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावी आले. माय कपाशीच्या निंदणाला गेली होती, म्हणून थेट बांधावर जाऊन बसले.

वीस बाया ओळीनं तण काढत होत्या, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा. मायच्या पायात काटा मोडला तशी ती थांबली. शेजारच्या दोघींनी तिची पात वाटून घेतली, त्यांच्या पलीकडच्या जरा मंदावल्या आणि अख्खी ओळ सरळच्या सरळ पुढं सरकत राहिली. मी बघतच राहिले.

काटा काढायला माय बांधावर आली. एक कार्ड उचलून तिनं उन्हात धरलं. "काय करून राह्यली तू यात?"

"इलेक्ट्रॉन कसे चालतात ते पाहतो, माय. एकेकाले एकटंच चालवलं, बाकीच्यायची नुसती सरासरी धरली."

"काहून? बाजूचीकडं न पाहता कोनी पात धरते काय?"

आज माझ्या टेबलावरचा संगणक तेव्हाच्या खोलीभर यंत्राला लाजवतो. पण वीस इलेक्ट्रॉन एकमेकांकडे बघत चालू लागले, की त्यालाही दम लागतो.

त्या दिवशी काटा काढून माय ओळीत परत गेली, तेव्हा मान वर न करताच बायांनी तिच्यापुरती जागा केली होती.