उलटी खुर्ची

बाबांना सपाट झोपवत नसे. आडवं केलं की ते धडपडून उठत आणि खिडकीचे गज धरून श्वास ओढत बसत. मध्य भारत राज्य मोडून भोपाळ राजधानी झाली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. उज्जैनच्या कचेरीतल्या कारकुनांच्या भोपाळला बदल्या होत होत्या. बाबाही तिथलेच कारकून, तेव्हा शेजारीपाजारी ठामपणे सांगत की, बदलीच्या धसक्यानं त्यांची झोप उडाली आहे. मला या लोकांचा भयंकर राग यायचा. बाबांच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. धसक्यानं कुणाचे पाय सुजतात का?

फ्रीगंजमधल्या डॉक्टरांनी त्यांना तपासून स्पष्ट सांगितलं, हृदय थकलं आहे. आडवं झालं की फुप्फुसांत पाणी भरतं. "इन्हें लिटाना मत," ते आईला म्हणाले. "बैठाकर सुलाओ. और नमक बिलकुल बंद." पुरतं बरं करणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं. पण झोप मिळाली तर माणूस अजून काही वर्षं काढेल, असं ते म्हणाले. मग आई आणि मी हात धुऊन त्या झोपेच्या मागं लागलो.

बाबांची लाकडी खुर्ची पलंगावर उशाशी उलटी ठेवायची, तिच्या पाठीचा उतार येतो त्यावर रजई आणि उशी घालायची, ही युक्ती डॉक्टरांचीच. लघवी होण्याचं इंजेक्शन द्यायला कंपाउंडर दवाखाना आटोपून संध्याकाळी यायचा आणि मग बाबांच्या रात्रभर अंगणात खेपा. डॉक्टरांनी ते सकाळी द्यायला लावलं. आई अळणी वरण शिजवी आणि स्वतःही तेच खाई. "तुझ्या हातची चव कुठं गेली गं?" बाबा विचारायचे. "भोपाळला बदली झाली तिची," आई म्हणायची. त्या दिवसांत आम्ही हसलो असू ते एवढंच.

हळूहळू बाबांचा डोळा लागू लागला. झोपेत त्यांचा श्वास मात्र विचित्र चाले. मोठा मोठा होत जाई, मग बारीक होई, मग थांबेच. थोड्या वेळानं तो आपला आपण पुन्हा सुरू होई. या दुखण्यात असं होतं, घाबरून उठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्हाला त्याची सवय झाली.

अशात ग्वाल्हेरहून आत्या भावाला भेटायला आली. बाबांची ही थोरली बहीण. तिचे यजमान पलंगावरच गेले होते. माणूस जायला लागला की त्याला वेळेवर भुईवर घ्यायचं, पलंगावर प्राण गेला तर त्याला गती नाही, असं आमच्यात मानत. ते राहून गेल्याचा दोष सासरच्यांनी जन्मभर आत्याच्या माथी मारला. आईनं तिला बाबांचं सगळं समजावून सांगितलं, श्वासाचंसुद्धा. आत्या मान डोलावत राहिली.

एका दुपारी बाबा जेवून खुर्चीला टेकले आणि गाढ झोपले. आत्या घरात आहे म्हणून आई शिप्रेच्या राम घाटावर गेली आणि मी औषध आणायला फ्रीगंजला.

परतले तर दारात चपला. बाहेरच्या खोलीची जमीन शेणानं सारवलेली, अजून ओली. तिच्यावर दर्भ पसरलेले आणि त्यावर बाबा, उताणे, सपाट. शेजारचे दोघे मोठ्यानं रामनाम घेत होते. आत्या बाबांच्या तोंडात शिप्रेचं पाणी घालत होती. बाबांचे डोळे सताड उघडे होते. ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस. त्यांनी माझ्याकडे हात केला.

"बसव," ते म्हणाले.

मी शेजाऱ्यांना ढकललं, बाबांच्या पाठीमागं बसले आणि त्यांना ओढून छातीशी टेकवलं.

"साँस बंद पडली होती गं," आत्या म्हणत होती. "मी नाकाशी सूत धरून पाहिलं. बिलकुल हललं नाही."

"झोपले होते ते, आत्या," मी म्हणाले. "नुसते झोपले होते."

बाबांचा श्वास जरा वेळ घरघरला आणि थांबला. मी सवयीनं तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत बसून राहिले.

माणसं जमली. जो तो आत्याला सांगत होता, वेळेवर उतरवलंत, भाग्याचं मरण आलं. मला त्या सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटत होतं, तिला सगळ्यात आधी. आई घाटावरून आली ती बाबांच्या पायांशी बसली, रडलीसुद्धा नाही. बाबांना तिरडीवर ठेवलं तेव्हा मात्र उठून पुढं झाली.

"उशाशी जरा उंच करा," ती पुरुषांना म्हणाली. "त्यांना सपाट झोपवत नाही."

"भाभीजी, अब इन्हें कोई तकलीफ नहीं," शेजारी हळूच म्हणाले. बाकी कुणी जागचं हललं नाही.

आत्या उठून आत गेली. उलट्या खुर्चीवरची उशी तिनं आणली, आणि भावाची मान उचलून तिच्याखाली सारली.